पूलवालं घर, लहान मूल आणि अलार्म: दाराचा घ्यायचा की पाण्यातला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की कॅलिफोर्नियात मागच्या बाजूला स्विमिंग पूल असलेलं घर घेतलंय, पूलच्या रिमॉडेलिंगसाठी परमिट काढायला गेलात तर सिटीने दोन सेफ्टी फीचर दाखवा म्हणून सांगितलं, घरात अडीच वर्षांचा मुलगा आहे, पुढच्या महिन्यात आई-बाबा भारतातून येतायत, आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय की दारांना अलार्म लावा, पाण्यात एक अलार्म टाका, झाली दोन फीचर, कुंपणाचा खर्च कशाला करता. तर हे चालेल का, आणि अलार्म नेमके कुठले घ्यायचे.

मी पूल असलेल्या घरांचं इन्स्पेक्शन आणि हे सगळं सामान बसवून द्यायचं काम बरीच वर्षं करतोय, त्यामुळे आधी माझं मत सांगून टाकतो. परमिटवर सही मिळवणं हा यातला सोपा भाग आहे. अडीच वर्षांचं मूल घरात असेल तर पूलभोवती जाळीचं कुंपण आणि दारांना अलार्म ही तुमची दोन फीचर धरा, आणि पाण्यातला अलार्म तिसरा म्हणून वरून घ्या. कुंपण वगळून दोन्ही अलार्मच घेतले तर मुलगा आणि पाणी यांच्यामध्ये अडवणारं काहीच उरत नाही, कारण अलार्म फक्त ओरडतो, थांबवत नाही, थांबवायला धावत माणूसच यावा लागतो.

आता नियम बघू. कॅलिफोर्नियाच्या पूल सेफ्टीच्या कायद्यात सात प्रकारची सेफ्टी फीचर दिलीत, आणि २०१८ पासून नवीन पूल किंवा रिमॉडेलच्या परमिटला त्यातली किमान दोन लागतात. सातात काय काय येतं तर पूल घरापासून वेगळा करणारं कुंपण, काढता-घालता येणारी जाळी, पूलवरचं सेफ्टी कव्हर, पूलकडे उघडणाऱ्या दारांचे अलार्म, ५४ इंचांपेक्षा खाली नसलेली कडी आणि आपोआप बंद होणारं दार, पाण्यातला अलार्म, आणि मान्यताप्राप्त लॅबने तपासून तेवढंच सुरक्षित ठरवलेलं आणखी काही. शहराला याहून कडक नियम लावता येतो, म्हणून तुमच्या सिटीच्या बिल्डिंग डिपार्टमेंटचा पूलवाला हँडआउट आधी हातात घ्या आणि मगच ऑर्डर करा. तुमचे कोणी नातेवाईक फ्लोरिडात असतील आणि त्यांनी सांगितलं की आम्हाला एकच लागलं होतं, तर तेही खरं आहे, तिथल्या कायद्यात नवीन पूलला यादीतलं किमान एक फीचर मागतात. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या ओळखीच्यांचं ऐकून खरेदी करू नका.

लोकांचा एक नेहमीचा गोंधळ आधीच मिटवतो. मुलाच्या मनगटाला बांधायचा पट्टा येतो ना, पाण्यात गेला की किंवा लांब गेला की वाजतो, तो कॅलिफोर्नियाच्या कायद्यात फीचर म्हणून धरतच नाहीत, तसं स्पष्ट लिहिलंय. घ्यायचा असेल तर घ्या पण मोजणीत धरू नका. कारण साधं आहे, मूल ज्या वेळी गुपचूप बाहेर जातं त्या वेळी तो पट्टा हातात नसतो, आंघोळ झाल्यावर काढून ठेवलेला असतो.

दाराचा अलार्म

यूएल ही वस्तूंची सुरक्षितता तपासणारी अमेरिकन संस्था आहे, बॉक्सवर तिचं यूएल २०१७ असं बघा. हे साल नाही हं, स्टँडर्डचा नंबर आहे, मी मुद्दाम सांगतोय कारण लोक विचारतात की २०१७ जुनं झालं, यापेक्षा नवीन नाही का. आणि नुसतं यूएल चिन्ह पुरत नाही, ॲडॅप्टरलाही यूएल असतं. बॉक्सवरच्या यूएल लिस्टिंगमध्ये, म्हणजे तो कशासाठी पास झालाय त्या नोंदीत, वॉटर हझार्ड एंट्रन्स अलार्म असं लिहिलेलं पाहिजे, म्हणजे तो पाण्याकडे जाणाऱ्या दारासाठीच तपासलाय. कॅलिफोर्नियाच्या कायद्याला दाराच्या अलार्मसाठी "पूलचं दार उघडं आहे" असं परत परत बोलणारी सूचनाही चालते, पण शहरांच्या हँडआउटमध्ये बऱ्याचदा यूएल २०१७ च लिहिलेलं असतं, त्यामुळे तेच घेतलेलं बरं, मागाहून वाद नको.

कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशन म्हणजे सीपीएससी, वस्तूंच्या सुरक्षिततेचं बघणारी अमेरिकन सरकारी संस्था, त्यांच्या गाइडलाइनमध्ये दाराच्या अलार्मचं वागणं कसं हवं ते दिलंय आणि मी ते प्रत्येक घरात घड्याळ लावून तपासतो. दार उघडल्यापासून ७ सेकंदांच्या आत वाजायला पाहिजे, किमान ३० सेकंद वाजत राहायला पाहिजे, १० फुटांवर ८५ डेसिबल आवाज हवा, तो आवाज डोअरबेल, फोन, स्मोक अलार्म यांच्यापेक्षा वेगळा ओळखू यायला हवा, आणि दार बंद झालं की अलार्म आपोआप परत तयार व्हायला हवा, कोणी बटण दाबून चालू करायची गरज पडता कामा नये. मोठ्या माणसांना जाण्या-येण्यासाठी एक बटण असतं, ते दाबलं की १५ सेकंद तेवढ्यापुरता गप्प बसतो, आणि ते बटण जमिनीपासून ५४ इंच किंवा त्याहून वर. ५४ इंच म्हणजे साधारण साडेचार फूट, पोराचा हात पोचत नाही, पण खुर्ची ओढून आणली तर पोचतो, आणि अडीच वर्षांची मुलं खुर्ची ओढतात, म्हणून त्या दाराशेजारी स्टूल, खुर्ची, शू रॅक, झाडाची कुंडी काहीही ठेवायचं नाही.

तुमच्याकडे घराच्या सिक्युरिटी सिस्टिमचे सेन्सर आधीच दारांवर आहेत आणि दार उघडलं की टिंग वाजतं असं तुम्ही लिहिलंय. ते यात बसत नाही. ती टिंग एकदाच वाजते, सेकंदाभरात संपते, मिक्सर चालू असला तर गेलीच, आणि कोणालाही फोनवरून ती बंद करता येते आणि मग महिनोन्महिने बंदच राहते. फोनवर नोटिफिकेशन येतं हा तर मी भरवसा धरतच नाही, फोन चार्जिंगला बेडरूममध्ये आणि आपण किचनमध्ये.

आता मला ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त बोलायचंय ती ही, की अलार्म असा निवडा जो तुमच्या घरातली माणसं बंद करणार नाहीत. मी ज्या घरांत परत जातो तिथे अलार्म बिघडलेला क्वचित सापडतो, बॅटरी काढून ड्रॉवरमध्ये ठेवलेली मात्र बऱ्याचदा सापडते. आणि त्यात लोकांची चूक काढून उपयोग नाही, दिवसातून वीस वेळा कानाशी किंचाळणारी वस्तू कोणीही बंदच करणार. म्हणून त्रास कुठून होणार हे आधी ओळखून त्याप्रमाणे घ्यायचा.

तुमच्या घरात तो त्रास पॅटिओच्या सरकत्या काचेच्या दारावर होणार हे मी आत्ताच सांगू शकतो. आई-बाबा आले की सकाळ-संध्याकाळ हवा येऊ दे म्हणून काच सरकवून ठेवणार आणि फक्त डासांच्या जाळीचं दार लावणार. साधा अलार्म काच उघडली की वाजत बसेल आणि दोन दिवसांत त्याची बॅटरी बाहेर येईल. यासाठी दोन सेन्सरचे अलार्म मिळतात, एक सेन्सर काचेच्या दारावर आणि एक जाळीच्या दारावर, पूलगार्ड कंपनीचं डीएपीटी-२ मॉडेल बऱ्याच घरांत दिसतं ते या प्रकारचं आहे. काच उघडी ठेवून जाळी लावली तर तो गप्प, जाळी सरकली की वाजणार. घेताना जाळीच्या सेन्सरचं किट बॉक्समध्ये आहे की वेगळं घ्यायचं ते बघून घ्या. आई-बाबांना हवा मिळते आणि अलार्मही जिवंत राहतो.

बसवताना थोडी काळजी. यात आत एक छोटा स्विच असतो आणि समोर मॅग्नेट, मॅग्नेट लांब गेला की सर्किट बदलतं आणि वाजतं. वायरवाला भाग न हलणाऱ्या चौकटीवर, मॅग्नेट सरकणाऱ्या दारावर, दोन्हींच्या खुणा समोरासमोर आणि मधलं अंतर कंपनीने सांगितलंय त्याच्या आत. सरकत्या दाराची खालची चाकं झिजली की दार चौकटीत तिरकं बसतं, अंतर कमीजास्त होतं आणि वाऱ्याने दार थडथडलं तरी अलार्म वाजतो. अशा वेळी लोक अलार्मला शिव्या घालतात, पण खरं काम दाराच्या खालच्या कडेला असलेल्या रोलरच्या स्क्रूचं असतं, तो फिरवून दार सरळ करा, ट्रॅकमधली माती काढा, आणि मग सेन्सर चिकटवा. दार स्टीलचं असेल तर मॅग्नेटची ओढ बदलते, तिथे मॅग्नेटखाली छोटा प्लॅस्टिकचा तुकडा द्यावा लागतो. आणि नुसत्या चिकटपट्टीवर राहू नका, उन्हात तापणाऱ्या चौकटीवरून ती सुटते, स्क्रू मारा.

कुठल्या कुठल्या दारांना लावायचा? पूलकडे थेट उघडणाऱ्या सगळ्या. लोक पॅटिओचं लावतात, मास्टर बेडरूममधून बाहेर जाणारं लावतात, आणि गॅरेजचं बाजूचं दार हमखास विसरतात. तिथून मूल यार्डात जाऊ शकत असेल तर तेही पूलचंच दार. खिडक्यांचंही बघा, घराची भिंत हीच पूलची एक बाजू असेल तर इंटरनॅशनल पूल कोड या नमुना नियमावलीत ज्या उघडणाऱ्या खिडकीची खालची कड आतल्या फरशीपासून ४८ इंचांच्या आत आहे तिलाही अलार्म मागतात. आणि आधीच्या मालकाने कुत्र्यासाठी दाराला खालून झडप ठेवलेली असेल तर ती कायमची बंद करून टाका. ज्या झडपेतून मध्यम कुत्रा जातो त्यातून तुमचा मुलगा आरामात जातो आणि दार उघडलंच नाही म्हणून अलार्म काही बोलणार नाही.

आवाजाचं जरा नीट समजून घ्या. ८५ डेसिबल हे १० फुटांवरचं माप आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे २० फुटांवर ७९, ४० फुटांवर ७३, आणि मध्ये भिंत नि बंद दार आलं की त्याहून बरंच खाली. वरच्या मजल्यावर दार लावून, एसी चालू ठेवून झोपलेल्या माणसाला खालच्या पॅटिओचा अलार्म ऐकू येईलच असं नाही. म्हणून मी काय करायला सांगतो, एकाने खाली दार उघडायचं आणि दुसऱ्याने घरातल्या प्रत्येक खोलीत दार लावून उभं राहायचं, टीव्ही, एक्झॉस्ट फॅन, डिशवॉशर जे एरवी चालू असतं ते चालू ठेवून. जिथे ऐकू येत नाही तिथे वायरलेस रिसीव्हर ठेवता येणारं मॉडेल घ्या. आणि आई-बाबांच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट आहे, वय झालं की आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात आणि हे छोटे अलार्म नेमके तसेच चिरके असतात. त्यात दुपारी कानाचं मशीन काढून आडवं झालेलं माणूस. त्यांना शेजारी उभं करून विचारा, ऐकू आलं का, कुठून आलं, हे काय वाजतंय असं वाटलं. तिसरं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं, कारण स्मोक अलार्म समजून छताकडे बघत बसले तर वेळ गेली. गरज वाटली तर दिवा चमकवणारा रिसीव्हर त्यांच्या खोलीत ठेवा.

पाण्यातला अलार्म

याचं स्टँडर्ड एएसटीएम एफ२२०८, एएसटीएम ही स्टँडर्ड ठरवणारी संस्था. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात हे नाव घेऊन लिहिलंय आणि स्वतंत्र लॅबचं सर्टिफिकेट मागतात, म्हणजे कंपनीने स्वतःच आम्ही पास आहोत म्हटलेलं चालत नाही. पूलवर नजर ठेवणारा कॅमेरा घेणार असाल तर त्यालाही हाच प्रश्न विचारायचा, एफ२२०८ चं सर्टिफिकेट आहे का.

दोन मुख्य प्रकार मिळतात. एक पाण्यावर तरंगणारा, तो पृष्ठभागावरच्या लाटेवर वाजतो. दुसरा पूलच्या काठावर बसतो आणि त्याची नळी पाण्यात खाली जाते, कोणी पडलं की पाण्याखाली दाबाची लाट जाते ती तो पकडतो. सीपीएससीने २००० साली हे अलार्म तपासून बघितले होते, त्यात पाण्याखालून ओळखणारे जास्त भरवशाचे ठरले आणि खोटे अलार्मही कमी, शिवाय पूलवर सोलर कव्हर, म्हणजे पाणी गरम राहावं म्हणून वर पसरतात ते, असेल तर तेच वापरता येतात, तरंगणारे नाही. माझाही अनुभव तोच आहे, वाऱ्याच्या भागात तरंगणारा घेऊ नका. घेताना पूलचं माप बघा, कंपनी किती लांब-रुंद पूलला चालतो ते लिहिते, तुमचा पूल एल आकाराचा असेल तर लाट कोपऱ्यामागे पोचता पोचता मरते, तिथे दोन लागू शकतात. पाणी परत येतं त्या जेटच्या समोर बसवू नका, आणि ऑटोमॅटिक क्लीनर चालू असताना तो कसा वागतो ते आधी बघा.

टेस्ट करायला मुलाला उडी मारायला लावू नका. बऱ्याच मॉडेलना वर्षाच्या बाळाच्या वजनाइतकी वस्तू टाकून तपासायची पद्धत मॅन्युअलमध्ये दिलेली असते, पाण्याने भरलेला मोठा कॅन चालतो. वेगवेगळ्या कोपऱ्यांत टाका, लांबच्या पायऱ्यांपाशी नक्की टाका, आणि प्रत्येक वेळी घरातला रिसीव्हर वाजतो का ते कोणालातरी आत उभं करून ऐका, बाहेरचा एकटा वाजून काय उपयोग.

आता मी याला तिसऱ्या नंबरवर का ठेवतो. दाराचा अलार्म वाजतो तेव्हा मूल दारात असतं, कोरडं असतं, तुमच्याकडे अंगण ओलांडायचा वेळ असतो. पाण्यातला वाजतो तेव्हा मूल पाण्यात गेलेलं असतं, त्यावर ओळखायला लागणारे काही सेकंद, मग तुम्ही हातातलं टाकून धावणार. आणि दुसरं म्हणजे पोहताना तो बाहेर काढावा लागतो किंवा स्लीपमध्ये टाकावा लागतो, मग सगळे ओले-थकलेले आत जातात आणि तो काठावर पडलेला राहतो. घेताना पाण्यात परत ठेवला की आपोआप चालू होणारा घ्या. तरी तो परत पाण्यात ठेवायचा कोणी हे घरात ठरलेलं हवं, सगळ्यांनी मिळून ठरवलं की कोणीच ठेवत नाही.

लोकांना वाटतं पूल पार्टीत धोका जास्त. तिथेही असतोच, मोठ्यांपैकी एकाने फोन बाजूला ठेवून फक्त पाण्याकडे बघत बसायचं ही पाळी लावा. पण सीपीएससीने ॲरिझोना, कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडामधल्या पाच वर्षांखालच्या मुलांच्या बुडण्याच्या घटनांचा जो अभ्यास केला होता त्यात ६९ टक्के मुलं पूलपाशी असतील असं त्या वेळी कोणाला वाटलंच नव्हतं, ४६ टक्के शेवटची दिसली ती घराच्या आत, आणि ७७ टक्के मुलं नजरेआड होऊन पाच मिनिटं किंवा त्याहून कमी झाली होती. अमेरिकेत १ ते ४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बुडणं हेच आहे. आणि बुडणारं मूल बहुतेक वेळा हाका मारत नाही, पाणी उडवत नाही, आवाजच होत नाही. हे वाचून घाबरवायचं नाहीये मला, पण म्हणूनच मी म्हणतो की जेवणानंतर आवराआवर चाललेली असताना, पाहुणे निघताना दारात गप्पा चाललेल्या असताना, आईला वाटतं आजीपाशी आहे आणि आजीला वाटतं आईपाशी आहे, ती जी वेळ असते तिच्यासाठी दाराचा अलार्म आहे.

कुंपण

थोडक्यात सांगतो कारण प्रश्न अलार्मचा आहे. काढता-घालता येणाऱ्या जाळीला एएसटीएम एफ२२८६ बघा, फाटक आपोआप बंद होणारं, कडी आपोआप पडणारी आणि किल्लीने लॉक होणारं, पूलच्या विरुद्ध बाजूला उघडणारं. पक्कं कुंपण घालणार असाल तर कॅलिफोर्नियात उंची किमान ६० इंच लागते, खाली जमिनीपासून २ इंचांपेक्षा जास्त फट नको, मधल्या फटीतून ४ इंचांचा बॉल जाता कामा नये, आणि फाटकाची कडी ६० इंचांपेक्षा खाली नको. फाटक अर्धवट उघडून सोडून द्या, स्वतःहून कडी पडली तर पास. मुलगा मोठा झाला की जाळी काढून ठेवता येते असं मनात येईल, पण ते फीचर परमिटमध्ये दाखवलंय हे लक्षात ठेवा. कुंपण असूनही फाटकाला अलार्म लावता येतो, तो मात्र बाहेरच्या पाऊस-उन्हासाठी बनवलेलाच घ्या.

बॅटरी वर्षातून दोनदा, अमेरिकेत घड्याळं एक तास मागे-पुढे करतो त्या दिवशी स्मोक अलार्मबरोबरच बदला, लो बॅटरीची चिवचिव सुरू व्हायची वाट बघू नका. दर महिन्याला एकदा प्रत्येक दार उघडून ३० सेकंद पूर्ण वाजू द्या. आई-बाबा आले की पहिल्याच दिवशी त्यांच्याकडून बटण दाबून दाराबाहेर जाणं-येणं दोन-चारदा करून घ्या, तोंडी सांगून लक्षात राहत नाही, आणि घरातल्या प्रत्येकाला हेही सांगून ठेवा की अलार्म वाजला आणि मूल दिसत नाहीये तर आधी पूल बघायचा, मग कपाटं नि पलंगाखाली. सीपीआरचा, म्हणजे श्वास थांबलेल्या माणसाची छाती दाबून तोंडाने श्वास द्यायचा क्लास तुम्ही दोघं तर कराच, बाबा तयार असतील तर त्यांनाही न्या.

इन्स्पेक्शनच्या दिवसासाठी, बॉक्स टाकून देण्याआधी यूएलचं आणि एएसटीएमचं लेबल, मॉडेल नंबर आणि बिल यांचे फोटो काढून एका फोल्डरमध्ये ठेवा. इन्स्पेक्टर ते मागतो, आणि पुढे कधी घर विकलंत तर कॅलिफोर्नियात होम इन्स्पेक्शनच्या रिपोर्टमध्ये पूलला सातातली कुठली फीचर आहेत ते लिहावं लागतं, तेव्हाही तेच फोटो कामाला येतील. पॅटिओच्या दाराचा फोटो आणि पूलचं माप टाकलंत तर कुठे काय बसेल ते मी बघून सांगतो.